आकृती मोठी काढ

वाचकाचं पत्र

आदरणीय बाई,

मी मूळचा बीड जिल्ह्यातला. आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जायचे. १९९५ च्या दिवाळीत मी दहावीत होतो. वडिलांनी मुकादमाकडून उचल जास्त घेतली होती, तोडायला हात कमी पडत होते, म्हणून मलाही सोबत न्यायचं ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आमचे भूमितीचे सर घरी आले. म्हणाले, "पोरगं माझ्याकडं राहू द्या. पट्टा पडला की घेऊन जा." (पट्टा पडणं म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपणं.) त्यानंतर परीक्षा होईपर्यंत मी सरांच्या घरी राहिलो. काकूंच्या हातचं जेवलो.

कागद पुरावा म्हणून मी वहीत नखाएवढ्या आकृत्या काढायचो. सरांनी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आकृती मोठी काढ. कागद मी देतो." ती वही अजून माझ्याकडे आहे. आज मी चाकणला एका कारखान्यात टूल डिझाइनमध्ये आहे.

सर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना विसरायला होतं, माणसं ओळखू येत नाहीत, असं कळलं. बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सत्कार ठरतोय आणि मुख्य भाषण मी करावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. पण माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्रानं लिहिलं, "तुम्ही करा. मला त्या फोटोत धरू नका." तोही ऊसतोडीवाल्यांचाच मुलगा. सिझनमध्ये त्याचे खाडे व्हायचे. सरांनी त्याला एकदा सगळ्या वर्गासमोर छडीनं मारलं आणि म्हणाले, "तू कोयताच धर." बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी त्यानं शाळा सोडली. पुढं पंधरा वर्षं त्यानं खरंच ऊस तोडला. आज तो मुकादम आहे, स्वतःचा ट्रॅक्टर आहे.

भाषण लिहायला बसलो की त्याचा चेहरा समोर येतो. सरांचे आभार मानणं ही मित्राशी बेइमानी आहे का? आणि मी कोण हेच सरांना कळणार नसेल तर जाऊन उपयोग काय? इतक्या वर्षांत एकदाही गेलो नाही, याची लाज वाटते ती वेगळीच.

एक माजी विद्यार्थी, चाकण

उत्तर

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ती गाठ सगळ्यांत सैल आहे.

मी एकोणतीस वर्षं हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर जे विद्यार्थी दारात आले त्यांतल्या जवळपास प्रत्येकाचं पहिलं वाक्य "बाई, यायला फार उशीर झाला" हेच होतं. त्यांना मी काय सांगायची ते तुम्हालाही सांगते. शिक्षकाच्या घरी असली हजेरी कुणी मांडत नाही. तुम्ही आला नाहीत त्या वर्षांचा हिशोब फक्त तुमच्याकडे आहे. शिक्षकाच्या लेखी त्या दिवशी दार वाजलं, एवढंच असतं. आणि ते फार मोठं असतं.

हे नुसतं माझं मत नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना त्यांनी आपल्यावर ज्याचे उपकार आहेत अशा माणसाला पत्र लिहायला सांगितलं आणि ते मिळाल्यावर समोरच्याला काय वाटेल याचा अंदाजही आधीच घेतला. मग पत्र मिळालेल्यांनाही विचारलं. पत्र लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्याहून समोरच्याला आनंद बराच जास्त झाला होता आणि संकोच बराच कमी वाटला होता. शब्द नीट जुळतील का, या काळजीनं लिहिणारे अडले होते, पण मिळालेल्यांनी पाहिला तो जिव्हाळा. तेव्हा लाजेला घरी बसवा आणि तुम्ही निघा.

आता भाषणाकडे येते. ते तुम्हाला लिहिता येत नाही हे मला चांगलं लक्षण वाटतं.

सत्काराच्या भाषणाचा साचा आपल्याकडे ठरलेला आहे. शाल, श्रीफळ, फेटा, मागे फ्लेक्स आणि पुढे माईक. त्या माईकवरून "आदर्श", "पितृतुल्य", "ज्यांनी आम्हा सगळ्यांना घडवलं" हे शब्द आपोआप बाहेर पडतात. कुणाचा खोटं बोलायचा इरादा नसतो, पण साचाच संपूर्ण माणसाचा दाखला मागतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "वर्तणूक" असा एक रकाना असतो, त्यात डोळे झाकून "चांगली" लिहितात. मीही शेकड्यांनी लिहिलं आहे. तुमचा हात अडला तो तिथं. "आम्हा सगळ्यांना" हे शब्द लिहिताना बाकावरची शेजारची जागा रिकामी दिसली तुम्हाला.

मग दाखला देऊच नका. पावती द्या. काय मिळालं, कुणाकडून, कधी, एवढंच पावतीवर असतं. साडेचार महिने राहायला जागा. रोजची भाकरी. पाठकोऱ्या कागदांची एक वही. "आकृती मोठी काढ" हे तीन शब्द. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे आणि ते म्हणताना मित्राच्या अनुभवातलं एक अक्षरही पुसावं लागत नाही. तुमची पावती फाडल्यानं त्याची जखम भरणार नाही, आणि त्याच्या जखमेमुळे तुमची पावती खोटी ठरणार नाही.

अशा पावतीचा एक नमुना इतिहास शिकवताना माझ्या फार जवळचा होता. बाबासाहेब आंबेडकर शाळकरी वयात एक परीक्षा पास झाले म्हणून वस्तीतल्या लोकांनी सभा भरवली होती. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिलं. केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. भीमराव त्यांच्या वर्गातले नव्हते, ते एल्फिन्स्टन हायस्कुलात होते, पण बागेत पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा केळुसकरांच्या नजरेत भरला होता. पुढं सयाजीरावांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली तेव्हा केळुसकरांना जाऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता. त्या प्रस्तावनेत बाबासाहेब काय सांगतात? सभा झाली, दादा केळुसकरांनी मला हे पुस्तक दिलं, मी ते वाचलं आणि ते मला भिडलं. कुठलं पुस्तक, कुठल्या प्रसंगी, कुणाच्या हातून, सगळं नेमकं. एका शिक्षकानं दिलेल्या एका पुस्तकाची नोंद एवढ्या वर्षांनी इतक्या नेमकेपणानं ठेवणं, यापेक्षा मोठा मान मी तरी पाहिलेला नाही.

तुमच्या सरांनाही असंच नेमकं सांगा. तुम्ही आज टूल डिझाइनमध्ये आहात म्हणता. स्क्रीनवर एखादा कोपरा कळेनासा झाला की तुम्ही तो मोठा करून पाहत असणार. हाताखाली नवीन आलेल्या पोराला "आधी मोठं काढ" असं कधी म्हणाला असाल तर तेही सांगा. शिक्षकाला आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, तिसऱ्यासाठी वापरलेलं ऐकू येणं म्हणजे काय असतं, हे मी अनुभवलं आहे. माझी एक विद्यार्थिनी आता न्यायालयात स्टेनो आहे. ती मला म्हणाली, "बाई, तुम्ही सांगायचात ना, वाक्य मोठ्यानं वाचून बघ, श्वास तुटला तर वाक्य तोड. मी अजून तसंच करते." असं मी सांगायची हे मला आठवतसुद्धा नव्हतं. त्या रात्री मी कितीतरी वेळ जागी होते.

आता मित्राबद्दल. याविषयी मला जास्त लिहायचं आहे, कारण या प्रश्नात मी बाहेरची नाही.

माझ्याही टेबलावर लाकडी पट्टी होती. मी मारत असे, आणि त्याहून वाईट म्हणजे बोलत असे. फी थकलेल्यांची यादी वर्गात मोठ्यानं वाचायची पद्धत होती, ती मी वर्षानुवर्षं वाचली. त्या यादीत दर महिन्याला येणारी एक मुलगी होती. नाव घेतलं की ती उभी राहायची, बाकाच्या कडेला बोट घासत. बऱ्याच वर्षांनी एसटी स्टँडवर ती मला दिसली. मी हसले, हात वर केला. तिनं मान फिरवली आणि गाडीत चढली. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलीनं भर बाजारात वाकून मला नमस्कार केला होता. दोघींच्या वर्गात शिकवणारी बाई एकच होती, आणि दोघीही बरोबर होत्या. नमस्कार करणारीनं मान फिरवणारीला समजवायला जावं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्या काळात सगळेच मारायचे, असं तुमच्या ग्रुपवर कुणीतरी म्हणालं असेल, नसेल तर म्हणेल. ते खरंही आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या सतराव्या कलमानं मुलाला शारीरिक शिक्षा करणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्ही गोष्टींना बंदी घातली, आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तुमची दहावी त्याच्या चौदा वर्षं आधीची. पण कायदा नव्हता म्हणून छडी लागत नव्हती असं नाही. आणि तुमच्या मित्राला छडीपेक्षा ते तीन शब्दच जास्त लागले असावेत. एकाच तोंडून तुम्हाला तीन शब्द मिळाले आणि त्यालाही तीनच. तुमच्या पत्रातली ही जागा मला सोडवेना.

हे एकाच माणसाकडून कसं घडतं, हे शिक्षकाच्या बाजूनं सांगते. समर्थन म्हणून सांगत नाही, तुम्हाला दिसावं म्हणून सांगते. साठ-सत्तर मुलांचा वर्ग. दिवाळी झाली की त्यातली पंधरा-वीस पोरं गळणार हे शिक्षकाला जूनपासून माहीत असतं. सगळ्यांना धरून ठेवण्याची ताकद त्याच्यात नसते, त्याच्या घरात तेवढी जागा नसते, पगारही नसतो. मग तो नकळत निवड करतो. गणितात डोकं चालतं त्याला वाचवायचं. ज्याला वाचवता येत नाही त्याच्यावर तो चिडतो. ती चीड खरं तर स्वतःच्या हतबलतेवर असते, पण लागते ती पोराच्या पाठीवर. तुम्ही निवडले गेलात, तो निवडला गेला नाही. निवडलेल्यांकडून आभार येतात, म्हणून सत्काराच्या सभा नेहमी एकमुखी असतात. वगळलेले त्या सभांना येत नाहीत. तुमचा मित्र निदान "येत नाही" असं लिहिण्याइतका तरी ग्रुपवर आहे.

आभार आणि मार एकाच आठवणीत नांदू शकतात. लेखक अल्बेर काम्यू यांना १९५७ चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा १९ नोव्हेंबरला त्यांनी अल्जीयर्सच्या प्राथमिक शाळेतल्या आपल्या गुरुजींना, लुई जेर्मेंना पत्र लिहिलं. बातमी कळल्यावर आईनंतर पहिली आठवण तुमचीच आली, असं त्यात म्हटलं आहे. वडील पहिल्या महायुद्धात गेलेले, आई लोकांच्या घरी साफसफाई करणारी. अशा या मुलाला जेर्मेंनी शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी फुकट शिकवलं होतं. आणि याच काम्यूंच्या अपुऱ्या राहिलेल्या आत्मचरित्रपर लेखनात त्या गुरुजींची पोरांवर चालणारी जाडजूड लाकडी पट्टीही आहे. त्यांनी पत्रात पट्टी घातली नाही आणि लिखाणातून पट्टी गाळली नाही. दोन्हींना आपापली जागा दिली.

तुम्ही विचारता, ही बेइमानी आहे का? सरांना भेटून "माझ्यासाठी तुम्ही हे केलंत" म्हणणं ही बेइमानी नाही. स्टेजवर उभं राहून "आम्हा सगळ्यांसाठी" म्हणालात तर मात्र होईल, कारण त्या "सगळ्यां"त मित्राचं नाव त्याला न विचारता घातलं जाईल. त्या फोटोत त्याला धरणं म्हणजे हेच. त्यानं फार नेमका शब्द वापरला आहे.

म्हणून मुख्य भाषण करू नका, ग्रुपवर साधं कळवा की मी सरांना घरी जाऊन भेटतोय. कारणं देत बसू नका, मित्राचं नाव तर काढूच नका. आणि सरांकडे जाण्याआधी मित्राला भेटा. फोनवर नको. त्याला समजवायला, सरांची बाजू सांगायला, त्यांना माफ कर म्हणायला जाऊ नका. त्याला इतकंच सांगा की त्या दिवशी मी तुझ्या शेजारी बसलो होतो, मी पाहिलं होतं, आणि मी विसरलो नाही. तुम्ही तेव्हा पंधरा वर्षांचे होतात, पुढे सरांच्याच ताटात जेवत होतात, तुम्ही काय बोलणार होतात? तो दोष तुमचा नाही. पण आज तुम्ही साक्षीदार आहात, आणि बाकावरच्या साक्षीदारानं "हो, असं झालं होतं" म्हणणं ही गोष्ट त्याला बहुधा अजून कुणीच दिलेली नसेल. तो चिडला तर चिडू द्या. हसून उडवून लावलं तर त्याच्याबरोबर चहा प्या आणि या.

सरांची तब्येत अशी असताना त्यांच्याकडून या बाबतीत कबुली किंवा माफी काढायचा प्रयत्न मात्र करू नका. ज्याला काल काय जेवलो हे आठवत नाही, त्याला १९९५ चा जाब विचारून तुमच्या मित्राला काहीही मिळणार नाही.

ग्रुपवर वर्गणी जमलीच असेल तर एक सुचवते. पटलं तर पुढे मांडा. तुमच्या सरांनी स्वतःच्या घरात जे एका मुलासाठी केलं, ते आता सरकारी कागदावर योजना म्हणून आहे. आईवडील तोडीला गेले की मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात, आणि २०२१ साली राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना मंजूर केली, एक्केचाळीस तालुक्यांत ब्याऐंशी वसतिगृहं. तुमच्या तालुक्यात प्रत्यक्षात काय चालू आहे ते स्वतः जाऊन बघा. दहावीच्या पोरांना रात्री दिवा आहे का, कंपासपेट्या आहेत का, कोरे कागद आहेत का? सन्मानचिन्हाचे पैसे तिकडे गेले तर भूमितीच्या शिक्षकाला त्याहून शोभेल असं काही मला सुचत नाही. आणि तुमचा मित्र मुकादम आहे. त्याच्या टोळीतल्या कुठल्या जोडप्याचं पोरगं यंदा दहावीत आहे, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण हे काम त्याच्यासमोर सरांच्या नावानं ठेवू नका. त्याला नुसतं विचारा. नको म्हणाला तर पुन्हा विचारू नका.

आता सरांच्या घरी. विसराळूपण वाढलेल्या माणसाकडे जाताना काही गोष्टी मला माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात कळल्या, त्या सांगते.

आधी फोन करून वेळ विचारा. अशा माणसांचं डोकं साधारणपणे सकाळी जास्त ताजं असतं, दिवेलागणीला गोंधळ वाढतो. एकटे जा, फार तर दोघं. सत्काराच्या गर्दीत, माईकच्या आवाजात, वीस अनोळखी चेहरे पायाशी वाकताना त्यांना भीतीच वाटेल, आणि हेही ग्रुपला सांगण्यासारखं आहे. समोर बसा, त्यांच्या नजरेच्या पातळीवर. आणि "सर, ओळखलंत का?" हा प्रश्न तोंडातून काढू नका. आपल्याला तो किती प्रेमाचा वाटतो, पण ज्याला आठवत नाही त्याच्यासाठी ती परीक्षा असते, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची परीक्षा घेतलेल्या माणसाला नापास होणं फार लागतं. आपण होऊन सांगा. मी अमुक, शहाण्णवच्या दहावीच्या बॅचचा, तुमच्या घरी राहायला होतो. त्यांनी तुम्हाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारली तर दुरुस्त करू नका. तीच गोष्ट चारदा विचारली तर चारदा उत्तर द्या, पहिल्यांदा दिलं तसंच.

आणि वही न्या. या आजारात नवीन गोष्टी आधी पुसल्या जातात, जुन्या पुष्कळदा मागं उरतात. वही त्यांच्या मांडीवर ठेवा, पेन्सिल द्या, एक मोठा त्रिकोण काढा आणि गप्प बसा. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता ही शिडी ज्यानं हजारो वेळा फळ्यावर मांडली, त्याचा हात कदाचित आपोआप चालेल. नाही चालला तरी हरकत नाही. तुम्ही तिथं बसलेले असाल.

उपयोग काय, हे तुम्ही विचारलंत. २०१४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमर झालेल्या माणसांना आनंदाची आणि दुःखाची चित्रफीत दाखवली. थोड्याच वेळात काय पाहिलं ते त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, पण मनात उठलेली भावना मागं रेंगाळत राहिली. माझ्या बहिणीच्या बाबतीत मी हे रोज पाहिलं. तिची मैत्रीण येऊन गेली की कोण आलं होतं ते ती सांगू शकायची नाही, पण संध्याकाळी ती गुणगुणायची. तुम्ही गेल्यावर सर तुमचं नाव विसरतील. त्यांची ती सकाळ मात्र बरी जाईल. एका म्हाताऱ्या माणसाची एक सकाळ बरी जाणं, हा उपयोग कमी नाही.

आता जे सांगायला मी हे पत्र निवडलं ते सांगते. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, फक्त तीन शब्दांचं. "काकूंच्या हातचं जेवलो." त्यापुढे त्या कुठेच नाहीत. तुमच्या ग्रुपच्या सत्कारातही त्या नसतील, असल्या तर सरांच्या शेजारच्या खुर्चीत साडी-चोळी घेण्यापुरत्या.

"पोरगं माझ्याकडं राहू द्या" असं सर तुमच्या वडिलांना म्हणाले, तेव्हा घरी जाऊन काकूंना विचारून आले होते का? मला माहीत नाही. पण त्या संध्याकाळपासून रोज दोन वेळच्या भाकरी वाढल्या त्या काकूंच्या तव्यावर. पंधरा वर्षांच्या वाढत्या पोराची भूक मला चांगली माहीत आहे. एका पगारात, साडेचार महिने, दुसऱ्याचं पोर. तुमचे कपडे, तुमचा ताप, रात्री अभ्यासाला जागलात तेव्हा लावलेला दिवा. सरांनी शब्द दिला आणि काकूंनी तो रोज पाळला. पावती लिहायला बसाल तेव्हा पहिली ओळ त्यांची आहे. आणि त्यांची आठवण शाबूत असेल तर जे सरांपर्यंत पोचेल की नाही याची तुम्हाला धास्ती वाटते, ते सगळं त्यांच्यापर्यंत पूर्ण पोचेल. आज त्या एका विसरत चाललेल्या माणसाला दिवसभर सांभाळताहेत. तासभर तुम्ही सरांपाशी बसलात तर त्यांना तेवढा वेळ पाठ टेकता येईल, किंवा शेजारी जाऊन येता येईल. त्यांना हे विचारा. औषधांचं, डॉक्टरकडं ने-आण करण्याचं कोण बघतं तेही विचारा. चाकणहून दर महिन्याला जाणं जमणार नाही, पण दर रविवारी फोन जमेल.

जायचं ते लवकर ठरवा. सरांच्या आजारात सहा महिने फार असतात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या भरल्या की मित्र कारखान्यावर जाईल, मग थेट पट्टा पडेपर्यंत गावात सापडायचा नाही.

आणि निघताना ती वही एकदा नीट बघा. कागद सरांनी दिले हे तुम्ही लिहिलंत. शिवले कुणी ते लिहिलं नाहीत. दोरा जाड असेल, गोधडीला घालतात तसा, तर आधी स्वयंपाकघरात जा आणि वही काकूंच्या हातात द्या.